वास्तुविशारदाच्या आचारसंहितेची भाषा : भिवंडीच्या संदर्भात एक चिकित्सा

१

व्यवसायाची आचारसंहिता दोन दृष्टींनी वाचता येते. एक दृष्टी विधिज्ञाची. कोणत्या कृत्याला कोणती शिक्षा, आणि ती देण्याचा अधिकार कोणाला, एवढेच त्या दृष्टीला पाहावयाचे असते. दुसरी दृष्टी भाषाभ्यासकाची. संहितेतील वाक्यांचा कर्ता कोण, क्रिया कोणती आणि ती क्रिया कोणाला उद्देशून आहे, हे ती तपासते. पहिल्या दृष्टीने पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरीचा अवलंब आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही. वस्तुतः नव्याने नोंदणी झालेल्या वास्तुविशारदाला आपल्या कर्तव्याचा परिचय प्रथम होतो तो ह्या वाक्यांतूनच. वाक्यरचनेत ज्याला जागा नाही, त्याला त्याच्या कर्तव्यबुद्धीतही जागा मिळणे कठीण असते. हा मुद्दा भिवंडीसारख्या, घरे कोसळून माणसे दगावलेल्या गावाच्या संदर्भात तपासून पाहणे हा प्रस्तुत चिकित्सेचा हेतू होय.

चिकित्सेसाठी घेतलेली संहिता म्हणजे १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमान्वये स्थापन झालेल्या परिषदेने १९८९ साली केलेले व्यावसायिक वर्तनविषयक विनियम. मूळ मसुदा इंग्रजीत आहे. येथे त्याचा आशय मराठीत मांडला आहे, अक्षरशः अनुवाद दिलेला नाही.

२

प्रारंभी संज्ञेचा विचार केला पाहिजे. अधिनियमाच्या हिंदी पाठात 'वास्तुविद' हा शब्द आहे. मराठीत 'वास्तुशास्त्रज्ञ', 'वास्तुविशारद' आणि 'वास्तुरचनाकार' असे तीन शब्द रूढ आहेत, आणि बोलण्यात बहुधा 'आर्किटेक्ट' हाच. त्यांपैकी 'वास्तुशास्त्रज्ञ' ह्या शब्दाची अलीकडे कुचंबणा झाली आहे. दिशा आणि दोष सांगून घराचे दार हलवावयास लावणाऱ्या सल्लागारालाही लोक तोच शब्द लावतात. म्हणून येथे 'वास्तुविशारद' हा शब्द स्वीकारला आहे.

ह्या साऱ्या मराठी शब्दांत एक गोष्ट समान आहे. इंग्रजी शब्द ग्रीकमधून आला असून त्याचा मूळ अर्थ 'मुख्य बांधणारा' असा आहे. त्यात दृष्टी बांधणाऱ्यावर स्थिरावली आहे. उलट 'वास्तु' हा शब्द 'वस्' म्हणजे राहणे ह्या धातूपासून आलेला आहे. जेथे राहावयाचे ती वास्तू. म्हणजे मराठी संज्ञेचा आरंभच राहणाऱ्यापासून होतो. ही व्युत्पत्ती केवळ कुतूहलाची बाब नव्हे. संहितेच्या इंग्रजी मसुद्यात कोणाला जागा मिळाली आणि कोणाला नाही, हे पाहताना ती एक कसोटी म्हणून उपयोगी पडते.

अधिनियमाने केलेली व्याख्याही लक्षणीय आहे. ज्याचे नाव नोंदवहीत आहे तो वास्तुविशारद. ह्या व्याख्येत ज्ञानाचा, अनुभवाचा किंवा शीलाचा उल्लेख नाही. त्या गोष्टी नोंदणीच्या अटींत असल्या तरी व्याख्येत नाहीत. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले की, काही उच्चार वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ते वस्तुस्थिती घडवितात. नोंदवहीतील नाव हा अशाच प्रकारचा उच्चार होय. आदल्या दिवशी जो विद्यार्थी होता तो नोंद होताच वास्तुविशारद होतो. आपल्या देशात मान्यताप्राप्त पाच वर्षांची पदवी आणि तिच्यातच अंतर्भूत असलेले प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण एवढ्यावर नोंदणी मिळते. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत पदवीनंतर अनुभवाचा ठरावीक काळ आणि स्वतंत्र परीक्षा असे जे टप्पे आहेत, तसे येथे नाहीत. साहजिकच शिक्षण संपणे आणि सहीला अधिकार प्राप्त होणे ह्या दोन घटनांमधले अंतर येथे फार थोडे आहे. जे अंतर अनुभवाने भरून निघावयाचे ते आचारसंहितेने भरून काढावे, अशी अपेक्षा म्हणूनच अवाजवी ठरत नाही.

३

आता विनियमांकडे वळू. मुख्य विनियमाची रचना अशी आहे : आरंभी 'प्रत्येक वास्तुविशारद' हा कर्ता आणि आज्ञार्थक सहायक क्रियापद, आणि त्याखाली पंचवीस उपकलमे. ह्यांपैकी कोणत्याही उपकलमाचे उल्लंघन हे व्यावसायिक गैरवर्तन समजले जाते. चौकशीअंती परिषद समज देऊ शकते, व्यवसाय स्थगित करू शकते किंवा नोंदवहीतून नाव काढून टाकू शकते.

भारतीय व्याकरणपरंपरेने क्रियेशी संबंध असलेल्या घटकांना 'कारके' म्हटले आहे. कर्ता, कर्म आणि करण ह्यांबरोबर तिने 'संप्रदान' हे कारक मानले आहे. क्रियेच्या कर्माने ज्याच्यापर्यंत पोहोचावयाचे, ज्याच्यासाठी ती क्रिया, ते संप्रदान. पंचवीस उपकलमांतील प्रत्येक क्रिया कोणासाठी आहे, असा प्रश्न ह्या चौकटीतून विचारला असता चित्र बरेच स्पष्ट होते.

जवळजवळ निम्मी उपकलमे व्यवसायबंधू, सहकारी, सल्लागार आणि कार्यालयातील नोकर ह्यांना उद्देशून आहेत. दुसऱ्या वास्तुविशारदाला बाजूला सारून त्याचे काम घेऊ नये. दुसऱ्याची नेमणूक झालेली असताना ती संपल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय काम स्वीकारू नये. मोबदला न घेता किंवा कमी घेऊन स्पर्धेत आराखडे करू नयेत. नोकरांना योग्य परिस्थिती आणि वाजवी वेतन द्यावे. सल्लागारांशी कामाची व्याप्ती आणि मोबदला ह्यांविषयी करार करावा. दुसरा गट अशिलाविषयीचा आहे. नेमणुकीच्या अटी त्याला कळवाव्यात, त्याच्या संमतीवाचून काम दुसऱ्याकडे सोपवू नये, बांधकामाच्या कंत्राटाचे प्रशासन निःपक्षपातीपणे करावे. काम मिळवून देण्याबद्दल दलाली, सूट वा भेट घेऊ किंवा देऊ नये, आणि काही अपवाद वगळता आपल्या सेवेची जाहिरात करू नये, ही बंधनेही आहेत.

उरते ते समाजाविषयीचे. पहिले उपकलम सांगते की, वास्तुविशारदाच्या व्यावसायिक हालचालींचा परिसराच्या गुणवत्तेला आणि समाजाच्या भावी कल्याणाला हातभार लावण्याच्या त्याच्या सर्वसाधारण जबाबदारीशी विरोध येता कामा नये. दुसरे देशाच्या विकासाविषयी आहे. तिसरे उच्च दर्जाची सेवा देण्यास सांगते. आणखी एक उपकलम लोकांचा व्यवसायावरील विश्वास कमी होईल असे वर्तन करू नये, असे बजावते.

ह्या यादीत उणीव कशाची आहे ती आता ध्यानात येईल. राहणारा नाही. भाडेकरू नाही. शेजारी नाही. बांधकामावरचा गवंडी आणि बिगारी नाही. वास्तुविशारदाच्या कार्यालयात नकाशे काढणाऱ्या नोकराचे वेतन संहितेच्या दृष्टीस पडले, परंतु त्या नकाशाप्रमाणे परातीवर उभे राहून काम करणाऱ्या मजुराचा जीव दृष्टीस पडला नाही. 'समाज' आहे आणि 'देश' आहे, पण ही दोन्ही समूहवाचक नामे आहेत. समूहवाचक नामाच्या डोक्यावर छत कोसळत नाही, ते माणसाच्या डोक्यावर कोसळते.

४

दुसरा मुद्दा क्रियापदांचा. निषेधात्मक उपकलमांतील क्रिया निश्चित आहेत. दलाली घेतली किंवा घेतली नाही. दुसऱ्याचे काम बळकावले किंवा नाही. जाहिरात केली किंवा नाही. अशा क्रियेला दिवस, स्थळ आणि साक्षीदार असू शकतो, म्हणून तिचे उल्लंघन सिद्ध करता येते. विधायक उपकलमांत मात्र 'हातभार लावणे', 'राखणे', 'पुढे नेणे' अशा अनिश्चित क्रिया आणि 'गुणवत्ता', 'कल्याण', 'सचोटी' अशी भाववाचक नामे आढळतात. समाजाच्या भावी कल्याणाला अमुक मंगळवारी हातभार लावला नाही, असा आरोप कोणावर ठेवता येईल? परिणामी संहितेचा जो भाग व्यवसायबंधूंचे रक्षण करतो तो अंमलात आणण्याजोगा झाला, आणि जो भाग लोकांचे रक्षण करू शकला असता तो सुभाषिताच्या पातळीवर राहिला. मसुदाकारांच्या हेतूविषयी ह्यावरून काही अनुमान काढण्याचे कारण नाही. दोष हेतूचा नसून रचनेचा आहे. तथापि रचनेचे परिणाम हेतूची वाट पाहत नाहीत.

मराठीत ह्या अडचणीत आणखी एक भर पडते. इंग्रजी विधिभाषेतील आज्ञार्थक क्रियापदासाठी मराठी विधिभाषेत 'करील', 'असेल', 'ठेवील' अशी भविष्यकाळी रूपे वापरण्याचा प्रघात आहे. विधिज्ञाला त्यात आज्ञा ऐकू येते, सामान्य वाचकाला भाकीत. 'वास्तुविशारद उच्च दर्जाची सेवा देईल' हे वाक्य वाचून एखाद्या भाडेकरूला आपल्याला काही हक्क मिळाला असे वाटण्याऐवजी कोणीतरी चांगली आशा व्यक्त केली आहे असे वाटले, तर दोष त्याच्या आकलनाला देता येणार नाही.

५

भिवंडी हे यंत्रमागाचे गाव. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या कापडधंद्यातील बरेचसे काम ज्या गावांकडे वळले त्यांत भिवंडी प्रमुख होते. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज, कोकणी मुसलमान आणि भोवतालच्या गावांतील आगरी अशा अनेक लोकांनी ते गाव वाढविले. मागाला गाळा लागतो, माग चालविणाऱ्याला खोली लागते, आणि दोन्ही जवळजवळ लागतात. गाळ्यावर माळा, माळ्यावर खोली आणि खोलीवर पुन्हा मजला अशी वाढ होत गेली. पुढे नाशिक महामार्गालगतच्या गावांत गोदामांची वाढ झाली. मागाचा कंप आणि गोदामातील मालाचा भार ह्या दोन्ही गोष्टी नकाशावर दिसत नाहीत. त्या वापरातून निर्माण होतात.

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत कोसळली. लोक झोपेत होते. मृतांची संख्या चाळिसाच्या आसपास गेली. इमारत १९८४ च्या सुमाराची असल्याचे आणि महापालिकेने तिला पूर्वी नोटिसा दिल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी ३१ जुलै २०१६ रोजी गैबीनगरात इमारत कोसळून मनुष्यहानी झाली होती. त्यानंतर २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाडा येथे, जेथे खाली गोदाम आणि वर राहत्या खोल्या होत्या अशी इमारत कोसळली आणि पुन्हा माणसे दगावली. जिलानी प्रकरणाची दखल मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्णय दिला. अनधिकृत आणि धोकादायक बांधकामांविषयी स्थानिक प्राधिकरणांचे उत्तरदायित्व हा त्यातील प्रमुख विषय होता.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ अन्वये, इमारतीच्या वापराला तीस वर्षे झाली की मालकाने किंवा वापरणाऱ्याने महापालिकेकडे नोंदलेल्या संरचना अभियंत्याकडून तिची तपासणी करून घ्यावयाची असते. १९८४ मध्ये तीस मिळविले की २०१४ येते, आणि इमारत कोसळली ती २०२० मध्ये. ह्या सहा वर्षांत काय व्हावयास हवे होते हे अधिनियमात लिहिलेले होते. ते वाचणारा, समजणारा आणि राहणाऱ्याला समजावून सांगणारा माणूस त्या गल्लीत कोण होता, हा खरा प्रश्न आहे.

धोकादायक इमारतींचे वर्गीकरण करण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडावयाची, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करावयाची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. वर्गीकरण सोयीचे आहे. परंतु त्याची भाषा कर्मणी प्रयोगाची आहे. इमारत धोकादायक 'घोषित करण्यात आली आहे', ती 'रिकामी करण्यात यावी', अन्यथा कारवाई 'करण्यात येईल'. ह्या तिन्ही वाक्यांत कर्ता लुप्त आहे. आणि अखेरीस जे वाक्य वर्तमानपत्रात येते ते 'इमारत कोसळली' असे. 'कोसळणे' हे क्रियापद अकर्मक आहे. त्याचा कर्ता इमारतच होते. नोटीस देणारा, नोटीस बाजूला ठेवणारा, मजला चढविणारा आणि भाडे घेणारा असे सारे कर्ते व्याकरणातून निसटतात आणि जबाबदारी विटामातीवर येऊन पडते. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या विधिसंहितेतील शिक्षा आज कोणी स्वीकारणार नाही. घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्यालाच देहान्त सांगितलेला आहे. परंतु तेथील वाक्यात बांधणारा कर्ता आहे, त्याची क्रिया सकर्मक आहे, आणि घरात राहणारा मनुष्य वाक्यात उपस्थित आहे. व्याकरणाच्या ह्या एका बाबतीत ती प्राचीन संहिता १९८९ च्या संहितेपेक्षा पुढे आहे असे म्हणावे लागते.

६

ह्यावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो. भिवंडीत कोसळणाऱ्या इमारतींपैकी अनेकींना वास्तुविशारदाचा हात कधी लागलेलाच नसतो, मग त्यांच्या अपराधाचा भार वास्तुविशारदाच्या संहितेवर कशासाठी? शिवाय इमारतीची मजबुती हा संरचना अभियंत्याचा विषय आहे, आणि परवानगी व देखरेख हा महापालिकेचा.

आक्षेपाचा पहिला भाग वस्तुस्थितीला धरून आहे. किंबहुना तो अधिक व्यापक आहे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, १९७२ चा अधिनियम 'वास्तुविशारद' ह्या उपाधीच्या वापरावर बंधन घालतो, त्या स्वरूपाच्या कामावर नाही. म्हणजे उपाधी न लावता इतरांना ते काम करता येते. ह्या निर्णयाने व्यवसायातील अनेकांची निराशा झाली. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष निराशेचा नाही. जर काम सर्वांना खुले असेल आणि उपाधी तेवढी राखीव असेल, तर उपाधीचे मोल कामाच्या मक्तेदारीत असू शकत नाही. ते उपाधीमागील शब्दाच्या विश्वासार्हतेतच असले पाहिजे. आर्किटेक्टची सही आहे, ह्या वाक्याचा लोकांना जो अर्थ वाटतो तोच त्या व्यवसायाचा एकमेव राखीव ठेवा होय. तो खर्ची पडला तर नोंदवहीत केवळ नावे उरतील.

दुसऱ्या भागाला उत्तर महाडच्या घटनेत आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी, म्हणजे जिलानीच्या आधी महिनाभरापूर्वी, महाड येथील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून सोळा जण मृत्यू पावले. तेथे जो गुन्हा नोंदला गेला त्यात बांधकाम व्यावसायिक, आर.सी.सी. सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारी ह्यांच्याबरोबर वास्तुविशारदाचाही समावेश होता. गुन्हा नोंदणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, आणि येथे कोणाच्याही दोषाविषयी मत द्यावयाचे नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, श्रमविभागणी व्यवसायाला मान्य असली तरी कोसळलेल्या घराला ती मान्य नसते. अभियंत्याचे मत अभियंत्याने द्यावे हे योग्यच आहे. पण ते मत घेतले गेले की नाही आणि बांधले ते त्याप्रमाणे की नाही, हे विचारण्याचे काम ज्याच्याकडे सगळ्या सल्लागारांचे कागद एकत्र येतात त्याचेच असते.

७

आता 'सही' ह्या शब्दाचा विचार करावयाचा. मराठीतील 'सही' हा शब्द मूळ अरबी असून त्याचा मूळ अर्थ 'निर्दोष', 'खरे', 'बरोबर' असा आहे. आजच्या मराठीत हे दोन्ही अर्थ जिवंत आहेत. कागदाखाली 'सही' करतात, आणि एखादी गोष्ट बरोबर असली की ती 'सही' आहे असेही म्हणतात. शब्दाचा हा इतिहास सहीच्या स्वरूपाविषयी पुष्कळ सांगून जातो. सही म्हणजे मुळात आपले नाव लिहिणे नव्हे. वर लिहिले आहे ते खरे आहे असे सांगणे, ही ती क्रिया होय. बोलभाषेत मात्र ह्या क्रियापदाची उतरंड लागलेली आहे. 'सही करणे' ह्यात करणाऱ्याची जबाबदारी आहे. 'सही मारणे' ह्यात घाई आहे. 'सही देणे' ह्यात सही ही वस्तू झाली आहे. आणि जी वस्तू देता येते ती विकताही येते. लोकांची भाषा कोणत्याही चौकशी समितीपेक्षा अधिक प्रामाणिकपणे ही अधोगती नोंदवून ठेवते.

बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला ज्या रूढ नमुन्यात दिला जातो त्याचा आशय असा असतो : हे काम माझ्या देखरेखीखाली झाले, मंजूर नकाशाप्रमाणे झाले, आणि साहित्य व कारागिरी ठरल्याप्रमाणे होती. ह्या नमुन्यात कर्ता लुप्त नाही, 'माझ्या' हा शब्द आहे. संहितेतील पंचवीस उपकलमांत जी स्पष्टता नाही ती ह्या एका छापील नमुन्यात आहे. म्हणून नव्या वास्तुविशारदाचा खरा आचारधर्म ह्या नमुन्याच्या रिकाम्या जागा भरताना सुरू होतो. जेथे तो गेला नाही तेथली देखरेख 'माझी' म्हणताना तो चूक करतो असे म्हणून भागणार नाही. तो असत्य विधान करतो. आणि ह्या विधानाच्या आधाराने पुढे भोगवटा प्रमाणपत्र मिळते, म्हणजे लोक त्या असत्याच्या छायेत राहावयास जातात.

डिसेंबर २०२० मध्ये अंमलात आलेल्या राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने लहान भूखंडांवरील बांधकामाची परवानगी सुलभ केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, आणि काही प्रमाणात ३०० पर्यंतच्या, प्राधिकरणाच्या छाननीपेक्षा तांत्रिक व्यक्तीच्या प्रमाणनावर अधिक भर दिला गेला. हेतू चांगला आहे, विलंब आणि त्यातून होणारा त्रास कमी व्हावा हा. परंतु त्यामुळे पूर्वी दोन ठिकाणी होणारी तपासणी बऱ्याच अंशी एका सहीवर आली. लहान भूखंडांच्या गावात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. आणि लहान कामे सामान्यतः कोणाकडे जातात? ज्याला अद्याप मोठी कामे मिळत नाहीत, त्याच्याकडे.

येथे पाणिनीय परंपरेतील आणखी एक विचार उपयोगी पडतो. त्या परंपरेने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आहे. क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता, इतर सारे साधनमात्र. ज्याचे पहिले घरभाडे बांधकाम व्यावसायिकाने दिलेल्या मोबदल्यातून जावयाचे आहे, ज्याला नकार दिला तर दुसरा सही देणारा शेजारच्या गाळ्यात बसलेला आहे, असा पंचविशीतील वास्तुविशारद ह्या अर्थाने 'कर्ता' आहे की 'करण' आहे? संहिता त्याला कर्ता गृहीत धरते, पण त्याचे स्वातंत्र्य कशाने टिकावे ह्याविषयी मोघम राहते. कमी मोबदल्यात स्पर्धा करू नये हे उपकलम ह्या दिशेने थोडे जाते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते मोबदल्याचे रक्षण करते, नकाराचे करीत नाही. नकार देणाऱ्या तरुणाची बाजू घेण्यास व्यवसाय बांधील आहे, असे वाक्य संहितेत असते तर तिचा पहिला उपयोग दुबळ्या सभासदाला झाला असता.

८

भाषेचा आणखी एक पदर भिवंडीत ठळकपणे दिसतो. आचारसंहिता इंग्रजीत, महापालिकेचे कामकाज मराठीत, आणि इमारतीत राहणाऱ्यांपैकी कित्येकांची घरची भाषा उर्दू, हिंदी किंवा तेलुगू. धोक्याची सूचना एका भाषेतून दुसरीत आणि तिसरीत जाताना तिचा जोर कमी होत जातो. 'सी-१' हे अक्षर कोणत्याच भाषेतले नाही. ते वाचणाऱ्याला घर सोडावयास सांगते की केवळ क्रमांक सांगते, हे भिंतीवरच्या कागदावरून कळत नाही. कळले तरी घर सोडून जावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर वास्तुविशारदाच्या हाती नाही. त्याच्या हाती एवढेच आहे की, खांबाला गेलेली चीर आणि केवळ गिलाव्याला गेलेली चीर ह्यांतला फरक राहणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगावा, आणि ज्या क्षणी प्रश्न आपल्या ज्ञानापलीकडचा आहे त्या क्षणी अभियंत्याला बोलवावयास सांगावे. ज्ञानाचे भाषांतर हे व्यावसायिक कर्तव्य आहे, असे कोणत्याही उपकलमात म्हटलेले नाही. बहुभाषी औद्योगिक गावात ते पहिल्या क्रमांकाचे कर्तव्य ठरावे.

९

चिकित्सा करणाऱ्याने पर्याय सुचवावा ही अपेक्षा योग्य आहे. वर केलेल्या विवेचनावरून नवोदित वास्तुविशारदासाठी चार वाक्ये निश्चित करता येतात. ती सर्व कर्तरी प्रयोगात आहेत, त्यांतील क्रिया सिद्ध किंवा असिद्ध करता येण्याजोग्या आहेत, आणि प्रत्येकीचे संप्रदान राहणारा मनुष्य आहे. पहिले : जे स्वतः जाऊन पाहिले नाही त्याखाली 'माझ्या देखरेखीखाली' असे लिहून सही करणार नाही. दुसरे : मंजूर नकाशापेक्षा वेगळे, विशेषतः वाढीव मजला किंवा मूळ हेतूहून भारी वापर, दिसून आल्यास मालकाला आणि प्राधिकरणाला लेखी कळवीन. देखरेख सोडली तर तेही त्याच दिवशी कळवीन. तिसरे : मजबुतीविषयी अभियंत्याचे लेखी मत आल्याशिवाय काम पुढे नेणार नाही, आणि त्या मताच्या जागी स्वतःचा अंदाज ठेवणार नाही. चौथे : धोका दिसल्यास तो राहणाऱ्याला, मग माझा अशील दुसरा कोणी का असेना, त्याला समजेल अशा भाषेत सांगेन.

चौथ्या वाक्याला विरोध होण्याचा संभव आहे, कारण ते अशिलाच्या गुप्ततेशी झगडते. वैद्यक आणि वकिली ह्या व्यवसायांतही असा झगडा आहे. तेथे जीविताला धोका असल्यास गुप्ततेला मर्यादा मानण्याकडे कल आहे. घराच्या बाबतीत तो अधिक निःशंकपणे मान्य व्हावयास हवा. कारण रोग्याने वैद्याची आणि पक्षकाराने वकिलाची निवड केलेली असते. भाडेकरूने वास्तुविशारदाची निवड केलेली नसते. त्याने फक्त दाराची किल्ली घेतलेली असते.

ही वाक्ये संहितेत समाविष्ट होतील किंवा न होतील. परिषदेचा तो अधिकार आहे. पण महाविद्यालयांत व्यावसायिक आचार हा विषय शिकविला जातो तेथे आज पंचवीस उपकलमे पाठ करून घेण्याऐवजी त्यांचे वाक्यविश्लेषण करून घेतले, तर विद्यार्थ्याला निदान एक प्रश्न विचारण्याची सवय लागेल : ह्या वाक्यात राहणारा कोठे आहे? भाषाभ्यासाच्या बाजूने पाहता महानगरपालिकांचे मराठी दाखले, नोटिसा आणि प्रमाणपत्रांचे नमुने ह्यांचा पद्धतशीर संग्रह आणि त्यांतील प्रयोगांचे वर्गीकरण हा पदव्युत्तर प्रबंधाला पुरेल इतका मोठा आणि आजवर बहुतांशी अस्पर्शित राहिलेला विषय आहे. त्याचे निष्कर्ष केवळ व्याकरणापुरते मर्यादित राहणार नाहीत. ज्या नोटिशीत कर्ता लिहिला जातो, तिच्याविषयी पुढे कोणाला तरी जाब विचारता येतो. भिवंडीतील गल्ल्यांत राहणाऱ्यांना आज ह्याचीच अधिक गरज आहे.